शिंप्याचं बोट

दवाखान्यातल्या बाकावर पोस्टमन आपल्या नंबराची वाट बघत होता. शेजारी म्हातारा शिंपी आणि त्याची बायको साखरेच्या नोंदींची वही उघडून बसली होती.

"बघा," बायको नवऱ्याला म्हणाली, "आजही उपाशीपोटी दोनशे चाळीस. गोळ्या वाढवल्या तरी उतरायचं नाव नाही."

"मग मला घाम का फुटतो? काल काजं करताना डोळ्यांपुढं अंधारी आली. साखर कमी झाल्यासारखं होतंय गं."

"यंत्र काय खोटं बोलतं?"

"पहाटे मी झोपेत असताना माझं बोट टोचतेस म्हणे. मला कधी बोचलं नाही. म्हटलं, शिंप्याच्या बोटाला सुईचं काय कौतुक!"

"तुमचं कुठं टोचते? कापडावर रक्ताचा डाग पडला तर गिऱ्हाईक बोंबलेल. मी माझंच टोचते."

"तुझं?"

"त्यात काय झालं? चाळीस वर्षं एका चुलीवरचं खातोय. रक्त काय वेगळं राहिलंय?"

"अगं, पण गोळ्या मी गिळतोय!"

दार उघडलं. "पेशंट कोण?" नर्सनं विचारलं.

"हे."

"मी... म्हणजे..." शिंप्यानं बायकोचा हात उलटा केला, टोचून टोचून काळी पडलेली बोटं पाहिली. "बाई, मला काही उमजेना. गोळ्या माझ्या, साखर हिची. आधी हिला बघा."