धाकटीचं नाव

(शनिवारची दुपार. चर्चच्या मागची लहान खोली. थोरली उद्याच्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड इस्त्री करते आहे. तिची भावजय, जिला सगळी मंडळी धाकटी म्हणते, पेले पुसून तबकात मांडते आहे.)

धाकटी : कुणी सांगितलं ते मी विचारतच नाहीये, ताई. मी एकाच माणसाला सांगितलं होतं. मी विचारतेय, कसं सांगितलंत?

थोरली : कसं म्हणजे? तोंडानं सांगितलं. आणि तो पेला किती वेळ पुसणार आहेस? झिजेल.

धाकटी : कुठल्या आवाजात? तक्रारीच्या, की काळजीच्या?

थोरली : तुला काय करायचंय आवाजाचं?

धाकटी : उद्या उपासनेनंतर पाळकसाहेब वडीलमंडळासाठी माझं नाव मंडळीपुढे ठेवणार. लोक हात वर करतील, नाहीतर करणार नाहीत. त्याआधी मंडळीचा कारभार बघणाऱ्या त्या चार वडिलांना माझ्याबद्दल काय ऐकवलं गेलंय, ते मला कळायला हवं.

थोरली : काळजीच्या. काळजीच्या आवाजात सांगितलं. झालं समाधान?

धाकटी : नाही. पहिल्यापासून सांगा.

थोरली : पहिल्यापासून काय सांगायचंय त्यात. पोस्टमास्तर लेकाकडे राहायला गेले, वडीलमंडळात जागा रिकामी झाली, हे तुला ठाऊक आहे. या वेळी बाई घ्यायची अशी कुजबुज होती, तीही तू ऐकलीस. वडीलमंडळातले सुतारकाका म्हणालेही होते, बाई वडील कशी होईल, फार तर आई होईल. सगळे हसले, मीही हसले. पण घरी गेल्यावर म्हटलं, बाई घ्यायचीच तर दुसरं आहे कोण? बावीस वर्षं या मेजाचं कापड मी धुतेय. गाणाऱ्यांचे झगे मी शिवले, उसवले तेव्हा पुन्हा शिवले. कुणाच्या घरी दुखणं आलं की उशाशी मी. आणि त्याच आठवड्यात पाळकबाईंचा निरोप आला, बुधवारी मीटिंगला या, तुमच्याशी जरा बोलायचंय.

धाकटी : तुम्हाला वाटलं, तुम्हालाच विचारणार.

थोरली : वाटलं कसलं, खात्रीच होती. शाळेच्या गणवेशांचं काम अर्धवट पडलं होतं, साठ सदऱ्यांना बाह्या लागायच्या होत्या. ते तसंच टाकलं आणि केस धुतले. नव्या चपला घातल्या, चावत होत्या तरी. वाटेनं उत्तरं पाठ करत गेले. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, छे हो, मी कसली, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, प्रार्थना करून सांगते. तिसऱ्यांदा हो म्हणायचं. हसू नकोस.

धाकटी : हसत नाहीये.

थोरली : आत गेले. खुर्ची दिली, पाणी दिलं. पाळकसाहेब म्हणाले, तुमच्या धाकटीचं नाव आमच्या मनात आहे. तिला तुमच्याइतकं जवळून कुणी ओळखत नाही. आम्हाला ठाऊक असायला हवं असं काही आहे का? अगं, मी तोंड उघडलं होतं. छे हो, मी कसली, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं, आणि त्याच्या जागी तुझं बाहेर पडलं.

धाकटी : काय काय?

थोरली : की बाळ गेल्यावर दोन वर्षं तू चर्चला येत होतीस, पण प्रार्थना करत नव्हतीस. गाताना नुसते ओठ हलवत होतीस. प्रभुभोजनातला भाकरीचा तुकडा हातात घेत होतीस, पण खात नव्हतीस, रुमालात गुंडाळून ठेवत होतीस. मग म्हटलं, तसं मुलगी गुणाची आहे हो, पण मला काळजी वाटते. एवढं मोठं काम, तिच्या विश्वासाला झेपेल का?

धाकटी : झेपेल का.

थोरली : असंच म्हटलं.

धाकटी : हे मी तुम्हाला कुठं सांगितलं होतं, आठवतं?

थोरली : माझ्या मशीनपाशी. तू मला बटणं लावू लागत होतीस. दोन वर्षं झाली.

धाकटी : त्याआधी नऊ वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या भावालाही नाही. तुम्ही मशीन थांबवलंत. माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि म्हणालात, ही गोष्ट या खोलीतच राहील.

थोरली : म्हणाले होते. आणि तेव्हा ते खरं होतं. त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं, एवढं तरी मान.

धाकटी : मानते. मग बुधवारी काय झालं?

थोरली : हेवा वाटला. तोच शब्द ऐकायचाय ना तुला? घे. आजचा नाही, जुना आहे. तुला या मंडळीत आणलं कुणी? मी. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी पोरगी तू. माझ्या भावानं तुला पहिल्यांदा इथं आणलं तेव्हा कधी उभं राहायचं, कधी बसायचं, तुला कळत नव्हतं. माझ्याकडे बघून बसायचीस. गीतं मी शिकवली. बाप्तिस्म्याचा झगा मी शिवला. आणि वर्ष सरलं नाही तोवर लोक तुझ्या बाकावर दाटी करायला लागले. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला की धाकटीकडे. तू स्क्रू आवळत असतेस, आणि समोरचं माणूस घरातलं सगळं बोलून मोकळं होतं. माझ्याकडे लोक येतात ते उसवलेलं घेऊन. कपडा देतात, कधी मिळेल विचारतात, जातात.

धाकटी : मी काही बोलत नाही हो त्यांच्याशी. चष्मा काढलेला असतो त्यांनी, समोरचं नीट दिसत नसतं. म्हणून बोलतात.

थोरली : बघ. हे असलं सुचतं तुला. मला सुचत नाही.

धाकटी : एवढ्यावरून?

थोरली : एवढंच नाही. काढलंच आहेस तर सगळं ऐक, नाहीतर मला पुन्हा बोलायचा धीर व्हायचा नाही. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तुझा नवरा आठ वर्षांचा. मंडळी आली. प्रार्थना झाली. जो तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तू खंबीर आहेस. तिसऱ्या दिवसापासून कुणी फिरकलं नाही. खंबीर माणसाकडे कशाला फिरकायचं? पुढं लग्नाचं विचारायला एक माणूस आला होता, त्यालाही आमच्याच वडीलमंडळींनी परस्पर सांगून टाकलं, तिला भावाचं करायचंय. आणि तुझं बाळ गेलं तेव्हा दीड महिना तुमच्याकडे चूल पेटवावी लागली नाही, एवढे डबे आले. सुतारकाकांची बायको तर रोज येऊन तुझे केस विंचरायची. मी काय करत होते, ठाऊक आहे?

धाकटी : डबे घासत होतात.

थोरली : डबे घासत होते. ज्याचे त्याला परत करत होते. आणि आत तुझ्या मांडीवर डोकं ठेवून माझा भाऊ रडत होता. आई गेली तेव्हा तो माझ्या मांडीवर रडला होता. मी मोरीत बसून डबे घासत होते आणि मला तुझा हेवा वाटत होता. चार दिवसांची पोर गेली होती तुझी, आणि मला तुझा हेवा वाटत होता.

धाकटी : ताई.

थोरली : काहीतरी बोल. शिव्या दे.

धाकटी : इस्त्री उचला आधी. कापड जळेल.

थोरली : जळलं नाही. जरासं पिवळं पडलंय. ती बाजू मी भिंतीकडे करीन.

धाकटी : गुरुवारी सुतारकाका दुकानात आले होते. चष्मा काउंटरवर ठेवला. त्याला काही झालं नव्हतं. तरी मी पुसून दिला. ते तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, तू दोन वर्षं रुमालात तुकडे ठेवायचीस हे आम्हाला कळलंय. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. गरज नव्हती.

थोरली : पुढं?

धाकटी : तुम्ही मीटिंगमधून गेलात. मग एक जण म्हणाले, हे असं असेल तर नाव राहू द्या. दुसऱ्यानं मान हलवली. तेव्हा काका म्हणाले, मला इथं काहीतरी मिळत होतं म्हणून मी येत आलो. तुम्ही सगळे तसेच आलात. काहीएक मिळत नसताना दर रविवारी येऊन बसणारं एकच माणूस तुम्हाला आज सापडलंय, आणि त्यालाच नको म्हणता? आणि मग त्यांनी स्वतःचं सांगितलं.

थोरली : त्यांचं काय?

धाकटी : काकू गेल्यापासून तेही मनात काही नसताना नुसतं गातात. चार वर्षं झाली. वडील म्हणून पुढच्या बाकावर बसून. घरात बोलायला कुणी नाही, आणि मंडळीत सांगायची लाज वाटते. मला म्हणाले, तुझं ऐकलं, म्हणून माझं तोंड उघडलं. तू आलीस तर वडीलमंडळात माझ्यासारखं दुसरं कुणीतरी असेल.

थोरली : सुतारकाका. केवढ्या मोठ्यानं गातात.

धाकटी : हो.

थोरली : म्हणजे मी तुझं नाव पाडायला गेले, आणि माझ्याच बोलण्यानं ते पक्कं झालं.

धाकटी : हो.

थोरली : हे तर आणखी वाईट झालं.

धाकटी : तुमच्यासाठी की माझ्यासाठी?

थोरली : मला खरं बोलायला लावू नकोस. दोन्ही.

धाकटी : त्यातून चांगलं निघालं म्हणून मी तुमचे आभार मानणार नाही. निघालं नसतं तर? आणि तुम्ही सांगितलंत तेही अर्धंच. अर्धं तुम्हाला ठाऊकच नाही.

थोरली : अजून काय राहिलंय?

धाकटी : रुमालातल्या तुकड्याचं मी काय करायचे, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

थोरली : मला वाटलं, टाकून देत असशील कुठं तरी.

धाकटी : दफनभूमीत न्यायचे. तिच्याकडे. तिचा बाप्तिस्मा व्हायचा राहून गेला होता, आठवतं ना? आधीचे पाळक होते तेव्हा. वर्षाच्या शेवटी त्यांनी मंडळीतल्या गेलेल्यांची नावं वाचली, त्यात तिचं नव्हतं. सभासद नव्हती म्हणाले. मुद्दाम नाही केलं त्यांनी, नियमच तसा होता. पण माझ्या मनातून ते जाईना. इथं प्रत्येकाला तुकडा मिळतो. हिला कोण देणार? मग मी माझा नेऊन द्यायचे. बोटानं मातीत खळगा करायचे आणि ठेवायचे. प्रार्थना यायची नाही. तेवढंच यायचं.

थोरली : दोन वर्षं.

धाकटी : प्रभुभोजन असेल त्या प्रत्येक रविवारी. मग एकदा हात तोंडाकडे गेला. का गेला, मला सांगता येणार नाही.

थोरली : मला का नाही सांगितलंस? मी आत्या होते तिची. तिची टोपडी मी शिवली होती. सहा. तिनं एक घातलं फक्त.

धाकटी : तुम्ही कधी माझ्यापाशी बसलाच नाहीत, ताई. सगळ्या बायका बसून गेल्या. तुम्ही दारातून विचारायचात, डबा कुणाचा, आणि आत यायचाच नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला माझा राग आलाय, की मला तुमच्या भावाचं मूल जगवता आलं नाही.

थोरली : देवा. असं वाटायचं तुला?

धाकटी : बरीच वर्षं.

थोरली : मी आत आले असते तर रडले असते गं. आणि मला रडताना बघायची कुणाला सवय नव्हती.

धाकटी : मी वाट बघत होते.

थोरली : कापड झालं. अंथरून ठेवते आणि घरी जाते. उद्या मी येत नाही. डोकं दुखतंय म्हणून सांग.

धाकटी : मी खोटं सांगणार नाही.

थोरली : मग खरं सांग. तुझी गोष्ट चार लोकांत उघडी केली, त्या तोंडानं मेजाशी कशी बसू?

धाकटी : माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. मला राग आहे. उद्या सकाळीही असेल, सोमवारीही असेल. तुम्ही घरी बसलात तर तो आणखी वाढेल. आणि मशीनपाशी पूर्वीसारखं मी लगेच बोलायला बसेन, असंही समजू नका.

थोरली : नाही समजत.

धाकटी : पण उद्या यायचं. माझ्या बाकावर बसायचं. सुतारकाकांनाही मी सांगितलंय, पुढं एकटे बसू नका.

थोरली : आणि हात? पाळकसाहेब नाव घेतील तेव्हा?

धाकटी : ते तुमचं तुम्ही ठरवा.

थोरली : सगळे माझ्याकडे बघतील. मी हात वर केला तर म्हणतील, थोरली किती मोठ्या मनाची. आणि आत काय असेल ते तुला ठाऊक आहे. मन नसताना हात वर करायचा?

धाकटी : मला चालेल.

थोरली : आणि मन मागून आलंच नाही तर?

धाकटी : तर पुढच्या रविवारी या. त्याच्या पुढच्याही. माझं यायला दोन वर्षं लागली होती.