चिमट्यांना हळदकुंकू

साहेब, रक्त थांबवायचे चिमटे तुम्ही कपाटात कोंडलेत. धाराशिवच्या स्टँडवर माझ्यापुढं रांगेत उभी असलेली बाई तुमच्याच दवाखान्यातल्या वॉर्डबॉयशी काय बोलत होती, ते ऐका.

"शिवकांताकाकू, पोरगं कसंय?"

"जगलं, बंडप्पा. पाय गेला. कडबाकुट्टीच्या मशीनचं पातं लागून मांडीची शीर तुटली, तर आधी तुमच्याकडंच आणलं होतं की."

"शिरा जोडणारा डॉक्टरच न्हाय आमच्याकडं. म्हणून सोलापूरला धाडलं."

"आन् सामान?"

"सामान हाय! शीर धरायचे चिमटे नवेकोरे. धरली की थेंब गळत न्हाय म्हणं."

"म्हणं?"

"वापरलेत कुठं? खंडेनवमीला काढतो, पुसतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. मोठे साहेब नारळ फोडतात."

"लई नशिबाचे चिमटे. सोलापूरपातूर पोराची शीर म्या पदराच्या बोळ्यानं दाबून धरली. माझ्या हाताला कुणी कुंकू लावलं न्हाय."

"माझ्यावर नका चिडू, काकू."

"तुझ्यावर न्हाय रे. खोबरं खाल्लंस का, तेवढं सांग."

"...खाल्लं."

साहेब, येत्या खंडेनवमीला तुम्ही पुन्हा नारळ फोडाल. त्याआधी उत्तर द्या: ते चिमटे हातात धरणारा डॉक्टर कधी आणताय?