मधल्या गोलातला शब्द

माझं माहेर ओतूरकडचं, ताई, आणि सासर म्हणाल तर विठ्ठलवाडीच्या अलीकडची चाळ, मैदानाला लागून. लग्न होऊन आले ती घाट उतरून एसटीनं कल्याणला, तिथनं टांग्यानं, आणि दारात उतरले तर समोर हे एवढं रिकामं रान. मी सासूला विचारलं, यात काय पेरत नाय का कुणी, तर सगळी चाळ हसली. पुढं कितीतरी वर्षं मला पेरणीवाली म्हणायचे. शाळा मी बघितली नाय, वाचायला शिकले ती पोराच्या पुस्तकावरनं, लिहायला अजून हात अडखळतो, म्हणून मी बोलते, तुम्ही लिहा.

मैदान कारखान्याचं. कारखान्यातल्या लोकांनी फुटबॉलचा क्लब काढलेला, एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या बांधलेल्या, त्याला आम्ही स्टेडियम म्हणायचो, आणि मनापासून म्हणायचो. कारखाना बंद झाला तेव्हा मालकानं मैदान आणि चाळ दोन्ही क्लबच्या नावावर करून दिली. आमचे हे मैदान राखायला होते, पाणी मारायचे, रोलर फिरवायचे, मॅचच्या आदल्या दिवशी फक्कीनं पांढऱ्या रेघा मारायचे. ते गेल्यावर मी मारायला लागले, पदर खोचून, फक्कीचा डबा हातात धरून. सरळ रेघ कुणालाही येते, मैदानाच्या मधला गोल अवघड, मधोमध खुंटी ठोकून दोरी ताणून फिरावं लागतं.

तर त्या मधल्या गोलाचं आमच्यात एक होतं. भांडण मिटवायचं असू दे, लग्न ठरवायचं असू दे, दोन्हीकडची माणसं त्या गोलात नेऊन उभी करायची, आणि तिथं बोललेला शब्द मोडायचा नाय. कुणी चालू केलं देव जाणे, पण मोडलेला मी तरी बघितला नव्हता. सुशीलावहिनीच्या पोरीचं लग्न तिथंच ठरलं, मुलाचा बाप म्हणाला हुंडा घेणार नाय, आणि नाय घेतला. सुशीलावहिनी म्हणजे दामूमास्तरांची बायको, माझी शेजारीण, भिंतीला भिंत. मास्तर काय शाळेतले नव्हते, फिटर होते कारखान्यात, पण चाळीतल्या पोरांना फुटबॉल त्यांनी शिकवला म्हणून मास्तर. माझा नितीन त्यांच्याच हाताखाली गोलकीपर झाला. बाप नव्हता त्याला, तर मास्तरांनी बूट दिले, वहिनीनं भाकरी दिली, आणि चुकला की दोघांनी मार दिला. ठाण्याला मॅच जिंकली की पोरं त्याला उचलून खोपटच्या एसटी डेपोपर्यंत नाचवत न्यायची.

मग कंपनी आली. बिल्डरचीच कंपनी, पण आली ती क्लब घ्यायला. त्यांचा साहेब म्हणाला टीम मोठ्या लीगमध्ये नेतो, खरं स्टेडियम बांधतो. कमिटीतली म्हातारी माणसं थकलेली, त्यांनी हो म्हटलं. आम्हाला वाटलं टीम विकली. क्लबच्या नावावर आपली घरं पण आहेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाय. काय सांगू तुम्हाला, आम्ही ढोल लावून नाचलो. मी नाचले, या गुडघ्यांनी.

पुढच्या महिन्यात खोल्या खाली करा म्हणून सांगायला माणूस आला. चाळ बसली दारात, हलायला तयार नाय. तेव्हा साहेबानं नितीनला बोलावलं, तो टीमचा कॅप्टन, त्याला म्हणाला, तुझी माणसं कशानं ऐकतील ते तूच सांग. आणि माझ्या पोरानं हसत हसत गोलाचं सांगितलं. त्याला कौतुक होतं हो आपल्या चाळीचं, म्हणून सांगितलं.

रविवारी साहेब आला. सकाळीच नितीन मला म्हणाला, आई, आज गोल चांगला मार. मी मारला. साहेबानं बूट काढले, अनवाणी गोलात उभा राहिला, नितीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ज्याचं घर तोडीन त्याला याच जागेवर पहिलं घर देईन. मास्तरांचा जावई पुढं झाला, म्हणाला, साहेब, कागदावर द्या. तर मास्तरच त्याच्यावर चिडले. गोलात उभ्या असलेल्या माणसाकडं कागद मागतोस, लाज वाटत नाय? जावई मागं सरला. त्यानंतर नितीन दारोदार फिरला, माझ्या भरवशावर निघा म्हणून, आणि निघाली की हो माणसं, भांडी-बोचकी घेऊन टिटवाळ्याला, कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या खोल्यांत. आम्ही पण तिथंच, मास्तरांच्या खालच्या मजल्यावर.

वर्षभर भाडं कंपनीनं भरलं, मग बंद. टीममध्ये बाहेरची पोरं आली, नितीनला सांगितलं तुझा गुडघा गेलाय, बस घरी. पण मैदानाभोवती जे पत्रे मारले त्यावर फोटो त्याचाच, हा एवढा, हातमोजे घालून हसणारा, आणि बाजूला बिल्डिंगचं चित्र. आमची माणसं घरांचं विचारायला जायची ती त्या हसणाऱ्या तोंडाखालून. आत साहेब दुसरा होता. मास्तर त्याला म्हणाले, मधल्या गोलात शब्द दिलाय. तो म्हणाला, कुठला गोल, दाखवा मला. गोलाच्या जागी खड्डा होता, त्यात पंप लावून पाणी उपसत होते. मास्तर त्या दिवशी घरी आले, आणि जावई दिसला तशी मान खाली घालून आत गेले.

आणि नितीनला नोकरी कुठं लागली सांगू? तिथंच. नमुन्याचा फ्लॅट बांधलाय, त्याच्या बाहेर छोटा गोलपोस्ट उभा केलाय, त्यात जर्सी घालून उभं राहायचं. फ्लॅट बघायला येणाऱ्यांची पोरं पेनल्टी मारतात, यानं सोडायची. बजावूनच ठेवलंय, गिऱ्हाइकाच्या पोराचा बॉल अडवायचा नाय. पहिल्या दिवशी सवयीनं एक अडवला तर बोलणी खाल्ली. मी म्हटलं सोड ही नोकरी, तर म्हणाला, आई, तिथं असलो तर कधीतरी आपल्या माणसांच्या घरांचा विषय काढता येईल.

मास्तर गेले, छातीत कळ येऊन गेले. तिरडी बांधली, नितीन कामावरनं तसाच धावत आला, जर्सी अंगात, आणि पुढं होऊन वाकला. चाळीतलीच चार पोरं, त्याच्याबरोबर खेळलेली, बाजूला सरकली, जागा दिली त्यांनी. वहिनी भिंतीला टेकून बसलेली, आवाज न चढवता म्हणाली, ह्याचा खांदा नको. ह्यानं आम्हाला एकदा घराबाहेर काढलंय, तेवढं पुरे. त्यानं हात काढून घेतला. सगळे गेले, तो जिन्यात उभा राहिला, आणि मी वहिनीच्या दारात, आत जायचं का नाय ते न कळून. तिनं मला बस म्हटलं नाय.

आता बिल्डिंग झाली. कंपनीनं एक घर दिलं, नितीनला, माणसं शांतपणे बाहेर काढलीस म्हणून. मी विचारलं, बाकीच्यांचं? बघू म्हणालेत, म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं नाय. त्यानं घेतलं. घेऊ दे, बायको आहे, पोर आहे, त्यानं किती दिवस उभं राहायचं जिन्यात. सुखी राहा म्हटलं, डोक्यावर हात ठेवला, त्यात खोट नाय. पण मी गेले नाय.

इथं टिटवाळ्याला माझ्याशी कुणी भांडत नाय, ताई, आणि बोलतही नाय. सकाळी खालच्या नळाला पाणी आलं की पहिला उठेल तो सगळ्यांची दारं वाजवत जातो, माझं तेवढं सोडून. मी बाजूच्या दारावरची थाप ऐकून उठते. त्यांची भांडी भरून होईपर्यंत आत थांबते, मग माझा हंडा घेऊन खाली जाते. धार बारीक झालेली असते, पण एका माणसाला लागतं किती.