म्हशीनं लावलेली नोकरी

शकू, यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव! आमच्या पिंकीची बंगळूरची नोकरी माझ्या म्हशीनं लावली.

मुलाखतीत दाखवायला नातीनं कॉम्प्युटरात चित्रांचा कारखाना बांधला व्हता, प्रोग्राम म्हणत्यात तसला. गाडीचं नाव सांगा, चित्र तयार. मी म्हणलं, "म्हैस काढ."

"आज्जे, यात गाड्याच निघत्यात!"

"मंग कसला गं कारखाना?"

चिडून तिनं सगळा कारखाना उघडला, म्हैस घातली, तर रिक्षा निघायची बंद झाली. मी लई हसले. म्हणलं, "आता उंट काढ."

पोरगी रडकुंडीला आली. मंग समदं मोडून नव्यानं बांधलं. "माग आता काय बी! नवी चीज बाजूला लिहून जोडायची, जुन्याला हात लावायचा नाय." मी उंट मागितला, गाढव मागितलं. समदं निघालं, अन् रिक्षा बी चालू.

मुलाखतवाल्यानं नेमकं हेच विचारलं म्हणं, "उद्या नवी चीज आली तर?" झालं, गेली बंगळूरला.

आता मुकुंदवाडीच्या घरात चिडवायला कोण हाय? काल फोनवर म्हणलं, "पिंके, त्या कारखान्यातून एक नात काढ की, इथं ठिवायला."



कशाला मागितली मी म्हैस? जा बाई आता, चहा संपला तुझा.