बिनहाकंचा हेल

माजं म्हायार भुशीकडलं, दिलं खंडाळ्याला. मालक रेल्वेत, घाटात रूळ बघायचे, तितंच गाडीखाली गेले, आन आता माजा ल्योक सुभाष बी त्येच काम करतो. काय सांगू ताई तुमाला, तवापासनं मी साह्यबाच्या बंगल्यावर सैपाक-भांडी करते. साह्यब विंग्रज, आता पार म्हातारा झालाय. त्यो गानी करतो, म्हंजी कविता दुसऱ्याची, चाल ह्याची, एकानं म्हनायचं आन एकानं पियानो वाजवायचा, बास, ढोल न्हाई ताशा न्हाई. विलायतेत म्हनं लोक गप बसून ऐकत्यात.

तर त्यो माज्या मागं लागला, बाई, तुमच्यात मयताला बाया हेल काढून रडत्यात, तसं मला रडून दाखव. मी म्हनलं साह्यब, घरात मयत नसताना न्हाई काढत. म्हनला, माजी आई गेली तवा मी सात वर्साचा, रडायचं न्हाई म्हनून दटावलं, ते अजून आत हाय. मग मला बी वाईट वाटलं. धनी, धनी म्हनून मालकांना हाका मारीत काढला हेल, कारन हेलात गेलेल्या मानसाला हाक मारायलाच लागती, बिनहाकंचा हेल जित्या मानसाला लागतो, आमच्यात तसंच हाय. साह्यबानं कागदावर सगळं उतरून घेतलं.

म्हैन्याभरानं त्यानं त्ये पियानोवर वाजवलं. हेल त्योच, ताई, माजा, जसाच्या तसा. मी इचारलं, ह्यात हाक कुटं हाय? म्हनला, ह्याला शब्दच न्हाईत, नुसता सूर. म्हनलं, तुमच्या आईला तरी हाक मारा. हसला, म्हनला, बाई, तू आता मास्तरीन झालीस.

सून म्हनती, आत्याबाई, त्या पेटीला काय कळतंय कोन मेलं आन कोन जितं. तिला सांगून काय उपेग. गेल्या आठवड्यात सुभाषच्या म्होरं दरड आली, हातभर लांबनं.

साह्यब आता रोज वाजवतो. वाजाय लागला की मी हातातलं टाकते आन मालकांचं नाव घेते, नामदेव, नामदेव, लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच, परत जलमात घेतलं नव्हतं. जो गेलाय त्यालाच लागू दे. मी नसते तवा कोन घेत आसंल, तिकडं विलायतेत वाजवल्यावर कोन घेनार, देव जाने. साह्यबाचं वाईट चिंतत न्हाई मी, त्याच्या आईला निवांत ठेव म्हनते. तुमचं बी बरं होऊ दे. सुभाष सहाला येतो, आज अजून आला न्हाई. बसा तुमी, च्या ठेवते.