रिपोर्टमधला सात

वहिनी : म्हणजे हा रिपोर्ट पाच महिन्यांपूर्वीचा. आणि खाली सही तुझी.

चिमू : माझ्याच लॅबमध्ये काढलं होतं दादाचं रक्त. पाय दुखतात म्हणत होता, म्हणून मीच बोलावलं.

वहिनी : इथल्या डॉक्टरांनी त्यांचे जुने कागद मागितले म्हणून आज घरी कपाट उपसलं, तेव्हा सापडला. चार घड्या घालून ठेवलेला. ड जीवनसत्त्व सात. किती हवं असतं गं?

चिमू : तीसच्या वर.

वहिनी : आणि मला कोणी अवाक्षर बोललं नाही.

चिमू : दादाच म्हणाला, तुझ्या वहिनीला सांगू नकोस, रोज हाताला धरून गच्चीवर उन्हात बसवेल.

वहिनी : बसवलंच असतं. पंधरा वर्षं त्या कोल्ड स्टोरेजमध्ये. उजाडायच्या आत जायचं, अंधार पडल्यावर यायचं. दुसऱ्यांचे बटाटे जपता जपता स्वतः पांढरे पडले.

चिमू : मी पुड्या दिल्या होत्या. आठवड्याला एक. घेतो का, ते मात्र विचारलं नाही. जगाचे आकडे तपासते मी दिवसभर. काल वाचत बसले होते, वहिनी. ज्यांची दादासारखी मेंदूतली फुगलेली नस फुटते, त्यांच्यात बऱ्याच जणांचं ड कमी निघतं म्हणे. मी मागे लागले असते तर...

वहिनी : आता तर आणि तरी करून काय.

चिमू : तू बोल मला. हवं ते बोल.

वहिनी : कोणत्या तोंडाने बोलू? प्रेशरच्या गोळ्या तीन महिने बंद होत्या त्यांच्या. चक्कर येते म्हणायचे. उद्यापासून घेतो, उद्यापासून घेतो. सांगून सांगून माझीच जीभ झिजली, मग मीही सोडून दिलं.

चिमू : पण परवा इथे आणलं तेव्हा तू डॉक्टरांना म्हणालीस, रोज घेतात.

वहिनी : तू शेजारी उभी होतीस. खरं सांगायला जीभ रेटेना.

चिमू : ते बघ, डॉक्टर येतायत. आत्ता सांग.

(आतल्या वॉर्डाचं दार उघडून डॉक्टर बाहेर येतात.)

वहिनी : डॉक्टर, परवा मी खोटं बोलले. प्रेशरच्या गोळ्या ते घेत नव्हते. तीन महिने.

डॉक्टर : बरं झालं सांगितलंत. आणलं तेव्हा प्रेशर चढलेलंच होतं, आम्ही ते धरूनच उपचार केले.

चिमू : आणि हा रिपोर्ट? ड सात आहे.

डॉक्टर : काही अभ्यासांत संबंध दिसतो. पण ड कमी होतं म्हणून नस फुटली, असं मी म्हणणार नाही. कमी तर माझंही आहे. मी तरी कुठे ऊन बघतो?

वहिनी : आणि प्रेशर?

डॉक्टर : प्रेशरने धोका वाढतो. त्याला नाही म्हणता येणार नाही.

वहिनी : हं.

चिमू : शुद्धीवर कधी येईल?

डॉक्टर : ऑपरेशन नीट झालंय, फुटलेल्या नसेला क्लिप बसली आहे. पण त्याआधीच आत बरंच रक्त सांडलं होतं. येतील की नाही, हे आज नाही सांगता येत. दोघींपैकी एकीला सोडतो. दहा मिनिटं.

चिमू : जा, वहिनी.

वहिनी : तू जा. मी गेले तर गोळ्यांवरून बोलायला लागेन. इतक्या वर्षांची सवय.

चिमू : मी काय बोलू त्याच्याशी?

वहिनी : सांग, तिला सगळं कळलंय. रागावलेली नाही म्हणावं. थोडी आहे, ते तू घरी आल्यावर बघेल.