विद्यार्थी ब

न्हाई, तुम्हीच सांगा, नवरा म्हणजे काय प्रयोगशाळेतला बेडूक हाय का, रोज फाडायचा आन् गुरुवारी साऱ्या गावाला दाखवायचा? अहो, नवीन जालन्यात माझं बियाण्याचं दुकान, कोणत्या जमिनीत कोणतं वाण लावावं हे लोकं मला येऊन इचारतेत... इचारायचे! आता पायरी चढायच्या आधी दात काढतेत, "काय बद्रीनाथभाऊ, आज तरी समजलं का?" काऊन? तर आमची बायको ब्लॉग लिहिती! मी बोलो, शिंको, जांभई देवो... आन् मंग ती लिहिती!

झालं काय, आमच्या वंदनाला व्हायचंय मराठीची मास्तरीण. पोरं शाळेत जायला लागली तसं तिनं बी.एड.ला नाव घातलं. पहिला सराव पाठ झाला आन् तिच्या अरुंधती मॅडम... आवाज मऊ, पण घाव बराबर बसतो... त्या म्हन्ल्या, "वंदना, तू वर्गाला नाही शिकवलंस. तू फळ्याला शिकवलंस." झालं! घरी आली, पर्स फेकली, कांदा चिरायच्या निमित्तानं रडून घेतलं आन् म्हन्ली, "अहो, मला न्हाई जमणार. सोडून देते." मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. म्हन्लं, "सोडती कशाला? माझ्यावर शिकव! जेवणं झाली की मी इद्यार्थी, तू मास्तरीण." मला काय ठाऊक, त्या मॅडमनं सगळ्यांना ताकीद देऊन ठेवल्ती की शिकवलं की दर गुरुवारी ब्लॉग लिहायचा, आन् त्यात जमलं ते कमी, फसलं ते जास्ती! समोर बसलेल्याचं काय झालं, त्याच्यावर चिंतन करायचं म्हणे. आता समोर कोण बसलेलं? मी!

पहिलीच कविता. विहिरीच्या काठावर एक रिकामी घागर ठेवलेली, असं काहीतरी. वंदनानं हातात उलथनं धरलं आन् इचारलं, "सांगा बरं, ही घागर कोणाची वाट बघती?"

मी म्हन्लं, "लाइटीची."

"म्हंजे?"

"अगं, लाइट आल्याबिगर मोटर चालू व्हती का? मोटर न्हाई तर पाणी न्हाई. घागरीचं काय घेऊन बसली, आमचं अख्खं शिवार लाइटीची वाट बघून राह्यलंय!"

हसून हसून उलथनं पडलं तिच्या हातातून. माय बी हसली, माझी सख्खी माय, झुंबरबाई! मी म्हन्लं, चला, बायकोचं रडणं तर थांबलं. आन् मंग तिनं लिहिलं.

नाव लपवलं म्हणे! 'विद्यार्थी ब'! अहो, वर तिचं पूर्ण नाव, त्यात माझं बी नाव आलं, आन् खाली 'ब' कोण हे काय कोडं हाय? शेजारी राधेश्यामजींचं भांड्याचं दुकान. मी शटर वर करतो न करतो तोच, "बद्रीभाऊ, मेरी सारी घागरी लाइटीची वाट बघून राह्यली, क्या करूँ?" गिऱ्हाईक फिदीफिदी. चहावाला फिदीफिदी. वरचा इनोद सगळ्यांनी वाचला, खालचं कोणीच न्हाई. मी वाचलं. लिहिलं होतं, 'मी हसले. हसायला नको होतं. त्यांच्या गावात वाट लाइटीचीच बघतात. मी माझं उत्तर मनात धरून बसले होते, त्यांचं ऐकलंच नाही.' तेवढं मी दोनदा वाचलं. पण गेल्ती ती इज्जत गेल्तीच ना!

मंग मी ठरवलं, बिलकुल हुशार व्हायचं. गुपचूप गाईड आणलं, बियाण्याच्या पाकिटांत लपवलं. गिऱ्हाईक तूर मागून राह्यलं आन् मी पाठ करून राह्यलो. संध्याकाळी तिनं इचारायचा अवकाश, एका दमात सोडलं, "घागर हे अपूर्ण अपेक्षेचं प्रतीक असून कवीने मानवी जीवनातील रितेपण अत्यंत प्रभावीपणे मांडले आहे!" माय म्हन्ली, "बाप्पा! ह्याला ताप आला का?" वंदना नुसती "छान" म्हन्ली. मी खूश! आन् मंग तिनं लिहिलं. 'आज पाठ साफ फसला. गाईड बोललं, विद्यार्थी ब गप्प होता. मागच्या वेळी तो चुकला होता, पण तो होता.' घ्या! चुकलं तरी बदनामी, बराबर आलं तरी बदनामी! माणसानं शिकावं तरी कसं?

पण एक सांगतो, लिहून लिहून बाई बदलली. आधी ती बोलत सुटायची आन् मी डुलक्या घ्यायचो. आता इचारायची आन् गप बसायची. लई वेळ गप बसायची! आन् बायको गप बसली की नवऱ्याला धडकी भरती, मंग आपोआप तोंड उघडतं.

असं करता करता वार्षिक पाठ आला. शहागडकडची शाळा, बाहेरचे परीक्षक. मीच मोटरसायकलवर घेऊन गेल्तो. उतरली तरी पदर नीट करत तिथंच उभी. मला ठाऊक, हा पाठ गेला तर ही पुन्हा पुस्तकाला हात लावणार न्हाई, जन्मभर फळ्याला शिकवलं म्हणत बसंल. मी खिडकीपाशी उभा राह्यलो. आन् कविता कोणती? तीच! वर्गाचं पुस्तक नेमकं तिथवरच आल्तं. वंदनानं इचारलं, "घागर कोणाची वाट बघते?" परीक्षक नाकाच्या शेंड्यावरल्या चष्म्यातून बघून राह्यले. आन् मागच्या बाकावरून एक पोरगी हळूच म्हन्ली, "लाइटीची."

सारा वर्ग हसला. परीक्षकांनी पेन उचलला. मी म्हन्लं, मेलो!

वंदना न्हाई हसली. म्हन्ली, "बरोबर. लाइट येईपर्यंत घरात काय चालतं?"

"पप्पा सारखं बटन बघतेत." "आजी म्हन्ती, येईल येईल." "माय चिडती!"

"आणि येईल म्हणलेलं आलंच न्हाई तर?" वंदनानं इचारलं आन् गप बसली.

मंग ती पोरगीच बोलली, "माझा दादा दिवाळीला येतो म्हन्ला होता, बाई."

वंदनानं नुसती कविता पुन्हा वाचली, सावकाश. आन् तुम्हाला सांगतो, खिडकीचा गज धरून उभ्या उभ्या मला ती कविता कळली. आयुष्यात पहिल्यांदा! परीक्षकांनी पेन खाली ठेवला होता.

पास झाली! मागं बसलेल्या अरुंधती मॅडम म्हन्ल्या, "आज वर्गाला शिकवलंस." पेढे झाले, ब्लॉग बी थांबला. गुरुवार आला, काही न्हाई. राधेश्यामजी नुसतंच राम राम म्हन्ले. गिऱ्हाईक सरळ बियाण्याचा भाव इचारून राह्यलं. इज्जत परत आली हो!

पण करमंना. जेवणं झाली की मी आपला ताटावर बसून, उलथनं तिकडं कढईत. शेवटी मीच म्हन्लं, "अगं, त्या घागरीला भरायला कोणी आलं का गं शेवटी? तेवढं मला न्हाई कळलं."

तिनं माझ्याकडं पाह्यलं. हसली न्हाई. गप बसली, लई वेळ गप बसली... मंग मला बोलावंच लागलं. काय बोललो ते इथं सांगत न्हाई, आन् सांगून तरी काय उपयोग?

साऱ्या जालन्यानं वाचलंय.